फिंगर लेक्सच्या वाईन महोत्सवात रेड वाईन कशी चाखावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन येथे जुलैमध्ये भरणाऱ्या फिंगर लेक्स वाईन महोत्सवाची तिकिटे कन्येने काढून ठेवली आहेत. नाशिकच्या दोन-तीन रेड वाईन सोडल्या तर या विषयाशी आपला फारसा परिचय नाही. मागच्या खेपेस अशाच एका मेळाव्याला गेला असता निम्म्या वाईन सरबतासारख्या गोड आणि उरलेल्या चिंचेसारख्या आंबट लागल्या, आणि तासाभरात जीभ बधिर झाली. तेव्हा अमेरिकेतल्या या प्रादेशिक रेड वाईन चाखायच्या कशा आणि त्यांतली चांगली कोणती हे ओळखायचे कसे, आणि इतर राज्यांतल्या कोणत्या चाखाव्यात?

मी मूळचा निफाड तालुक्यातला, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. गेली सोळा वर्षे न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियात वाईन बनवण्याच्या व परीक्षणाच्या कामात आहे आणि अशा महोत्सवांत टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे. माझा सल्ला एवढाच, की सगळे चाखायला जाऊ नका. एकच द्राक्षवाण धरा आणि तोच दहा टेबलांवर चाखा. फिंगर लेक्समध्ये रेड वाईनपुरता तो वाण म्हणजे कॅबर्ने फ्राँ. बहुतेक पाहुणे एका टेबलापाशी थांबतात, तिथल्या पाच बाटल्यांतले पाच घोट घेतात आणि पुढे सरकतात. त्यामुळे एक घोट कोरडा (म्हणजे जवळजवळ साखर नसलेला), दुसरा गोड, तिसरा ओकच्या पिंपातला, चौथा फळांचा, अशी जिभेची फरफट होते आणि कशाची कशाशी तुलना करावी हेच कळेनासे होते. वाण एकच ठेवला की उरणारा फरक बागायतदाराचा, उताराचा, पिकाच्या वर्षाचा आणि वाईन करणाऱ्याच्या हाताचा असतो, आणि तो तिसऱ्या-चौथ्या टेबलापासून नवख्यालाही कळू लागतो.

कॅबर्ने फ्राँच का, हे समजण्यासाठी तिथला हिवाळा डोळ्यांसमोर आणावा लागेल. फिंगर लेक्स म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली अकरा लांबट, अरुंद सरोवरे. त्यांतले सेनेका सुमारे १८८ मीटर खोल आहे आणि एवढ्या पाण्यात साठलेली उन्हाळ्याची ऊब हिवाळाभर हळूहळू बाहेर पडत राहते, म्हणून काठाच्या उतारांवर वेल तगतात. काठापासून थोडे दूर गेले की तगत नाहीत. तरीही उणे वीस अंशांची एखादी रात्र येतेच आणि झोपलेल्या वेलीचे डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, काळे पडतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत वेलीला झोप अशी मिळतच नाही. इथे ती पाच महिने निजते, आणि शरद ऋतूत बागायतदार कलमाच्या सांध्यावर मातीची वरंब चढवून ठेवतात, म्हणजे वरचे खोड गोठून मेले तरी सांध्याच्या वरचा एखादा डोळा जिवंत राहावा. वसंतात ती माती पुन्हा उतरवायची. निफाडच्या माणसाला हे प्रथम पाहताना वेलीची तिरडी बांधल्यासारखे वाटते, निदान मला वाटले होते. कॅबर्ने सोव्हिन्याँ या हवेत बहुतेक वर्षी पुरते पिकत नाही. त्याचे जनक वाण असलेले कॅबर्ने फ्राँ मात्र लवकर पिकते आणि थंडीही अधिक सोसते.

युरोपीय वाण इथे टिकतच नाहीत, अशी १९५० पर्यंत ठाम समजूत होती. हॅमंड्सपोर्ट गावात प्लेझंट व्हॅली वाईन कंपनी १८६० मध्ये सुरू झाली, पण तिथली आणि आसपासची वाईन कॉनकॉर्ड, कटॉबा अशा अमेरिकी वाणांची असे. १९५१ मध्ये युक्रेनहून आलेले डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांचे म्हणणे असे होते, की दोष हवेचा नाही, खुंटाचा (म्हणजे ज्या मुळांवर वेलीचे कलम बांधतात त्यांचा) आणि निगेचा आहे. योग्य खुंटावर कलम केले तर युरोपीय वेल इथेही जगतील. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची वायनरी काढून ते सिद्ध केले. त्यांची कीर्ती प्रामुख्याने रीजलिंगसारख्या व्हाइट वाईनची. परंतु आज आपण ज्या रेड वाईन चाखणार आहात त्यांचे दार त्या कलमांनीच उघडले.

आता प्रत्यक्ष टेबलापाशी येऊ. पेल्यात साधारण ३० मिलिलिटर वाईन ओततात. पेला तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा. फिंगर लेक्सचे कॅबर्ने फ्राँ कोकमाच्या आगळासारखे पारदर्शक लाल दिसते, बोटे आरपार दिसतात. गडद नाही म्हणून हलके, हा निष्कर्ष लगेच काढू नका. थंड प्रदेशातल्या वाईनचा रंग बहुधा असाच असतो. मग पेला न हलवता एकदा वास घ्या, हलवून दुसऱ्यांदा घ्या. पहिल्या वासात बहुतेक वेळा तांबड्या फळांच्या मागे सिमला मिरची चिरल्यासारखा हिरवा वास येईल. तो पायराझिन नावाच्या संयुगांचा असतो आणि कॅबर्ने घराण्याची ती कुळखूणच आहे. घडांना ऊन लागले, भोवतीची पाने वेळेवर काढली, फळ नीट पिकले की ती संयुगे कमी होतात. म्हणून दहा टेबलांवर हाच एक वास मोजत गेलात तरी बागेत काय घडले याचा अंदाज येतो. नुसता हिरव्या मिरचीचा, कच्च्या देठांचा वास आला तर फळ कच्चे तोडले असावे. अजिबात आला नाही आणि केवळ व्हॅनिला व भाजलेल्या लाकडाचा आला, तर पिंपाने वाण झाकून टाकला आहे. माझ्या मते उत्तम कॅबर्ने फ्राँमध्ये तो वास असावा, पण लोणच्यात मेथी असावी तितकाच.

यानंतर घोट घ्या, तोंडात दहा सेकंद फिरवा आणि थुंका. थुंकल्यानंतरचे पंधरा सेकंद सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेव्हाच लोक गप्पा मारतात. गालांच्या आतून लाळ सुटली तर ती आम्लता. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी पडून जीभ टाळूला चिकटू लागली तर ते टॅनिन, म्हणजे सालीतून, बियांतून आणि पिंपातून येणारी तुरट द्रव्ये, जी लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. घशात ऊब उतरली तर ती अल्कोहोलची. इथे मराठी माणसाला एक आयती सोय आहे. ‘तुरट’ हा शब्द आपण लहानपणापासून ‘आंबट’ आणि ‘कडू’ यांपासून वेगळा वापरतो, जांभळाने जीभ जड होते ती आणि करवंदाने दात आंबतात ते, हे दोन अनुभव आपण कधी एक समजत नाही. परीक्षकांच्या शिकाऊ वर्गात मी कित्येक अमेरिकी विद्यार्थ्यांना कडू आणि तुरट यांत महिनोन्महिने घोटाळताना पाहिले आहे. तेव्हा वहीत इंग्रजी शब्द शोधत बसू नका. ‘कोकमाइतकी आंबट, अर्ध्या पिकल्या जांभळाइतकी तुरट, शेवटी सुपारी’ अशी नोंद कुठल्याही छापील वर्णनापेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडेल, कारण ती आपल्या जिभेची आहे.

चांगली कोणती, याचे उत्तर या आंबट-तुरटाच्या तोलात आहे. वाईन आंबट लागणे हा दोष नव्हे. थंड प्रदेशात द्राक्षातली आम्लता टिकून राहते आणि तीच वाईनला जिवंत ठेवते. दोष तेव्हा, जेव्हा आंबटपणाच्या मागे फळ नसते आणि घोट मधेच तुटतो. थुंकल्यानंतर फळाची चव किती वेळ रेंगाळते ते मनातल्या मनात मोजा. चार-पाच अंकांत संपली तर वाईन साधी, बारा-पंधरापर्यंत टिकली आणि शेवट कडवट झाला नाही तर त्या टेबलापुढे खूण करून ठेवा. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या कॅबर्ने सोव्हिन्याँचा दाटपणा इथे शोधलात तर सगळीच टेबले नापास होतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

सालाचीही चौकशी करा. ही हवा लहरी आहे. २०१६ आणि २०२० ही कोरडी, उबदार वर्षे. त्या सालांच्या रेड वाईन भरदार आहेत. २०१८ आणि २०२१ मध्ये पाऊस फार झाला आणि त्या वाईन पातळ, हिरव्या वासाच्या होण्याचा संभव अधिक. मे २०२३ मध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचे दव गोठले आणि पुष्कळ बागांचे पीक गेले. एखाद्याने ओल्या वर्षी नीटस वाईन केली असेल तर त्याची बाग चांगली राखलेली आहे असे समजावे. मी स्वतः वायनरीची पारख चांगल्या सालावरून करत नाही, वाईट सालावरून करतो.

गोड वाईनबद्दल आपली जी तक्रार आहे तिचे मूळ बहुधा कॉनकॉर्डमध्ये आहे. हा वाण मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी इफ्राइम बुल यांनी १८४९ च्या सुमारास निवडला. अमेरिकेत मुलांना पावाला लावून देतात तो जांभळा जॅम आणि द्राक्षांचा रस बहुतेक याचाच. त्याचा तो उग्र, गोळीसारखा वास मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा असतो आणि या वाणाच्या वाईनमध्ये साखर ठेवूनच ती पिण्यायोग्य करतात. आपल्याला हा वास सर्वस्वी अनोळखी नसावा. बेंगळूर ब्लू हे द्राक्ष त्याच अमेरिकी कुळातले आहे आणि गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड वाईन पूर्वापार त्याचीच होत आली आहे. महोत्सवात या गोड रेड वाईनच्या टेबलांपाशीच सर्वांत लांब रांग असते आणि त्या विक्रीवरच पुष्कळ वायनऱ्यांची कोरडी कॅबर्ने फ्राँ करण्याची हौस चालते, म्हणून मी तिला नावे ठेवत नाही. मात्र साखरेचा अंदाज असू द्या. कोरड्या रेड वाईनमध्ये लिटरला चार-पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. या गोड वाईनमध्ये ४० ग्रॅम किंवा त्याहून अधिकही असते, म्हणजे चहाच्या कपात दीड चमचा. जिलबी खाल्ल्यावर चहा जसा अगोड लागतो, तशी या वाईननंतर कोणतीही कोरडी वाईन चिंचेचे पाणी लागणार. मागच्या खेपेस आपले नेमके हेच झाले असावे. गोड चाखायचीच असेल तर अगदी शेवटी चाखा, मग परत फिरू नका.

या दोहोंच्या मधे संकरित वाणांचा एक मोठा गट आहे. बाको न्वार, मारेशाल फॉश, शाँबूर्सँ हे फ्रेंच संकर. न्वारे आणि कोरो न्वार हे न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा इथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या केंद्राने २००६ मध्ये दिलेले. आणि मार्केट हा मिनेसोटा विद्यापीठाने त्याच वर्षी प्रसृत केलेला, उणे तीस अंशांतही तगणारा वाण. यांचा रंग गडद जांभळा, आम्लता भरपूर, पण बहुतेकांत तुरटपणा फारच कमी, कारण या द्राक्षांतली प्रथिने टॅनिनला धरून तळाशी नेतात. रंग पाहून आपण भारदस्त घोटाची अपेक्षा करता आणि तोंडात मधला भाग पोकळ लागतो. म्हणून यांना कॅबर्ने फ्राँच्या मापाने मोजू नये. थोडी थंड करून, भाजलेल्या मांसाबरोबर किंवा आपल्या तिखट रश्शाबरोबर बाको न्वार घेतली तर कमी टॅनिन हा गुणच ठरतो, कारण तुरट वाईनने तिखट अधिक झोंबते. न्वारेमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, तो मात्र मुद्दाम शोधावा असा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. दहा टेबले आणि प्रत्येकी तीन घोट धरले तर तीस घोट, म्हणजे ९०० मिलिलिटर, बाटलीपेक्षा जास्त. न थुंकता हे शक्य नाही. प्रत्येक टेबलावर पिकदाणी असते, ती ओढून घ्यायला संकोचू नका. वाढणाऱ्याला तो अपमान वाटत नाही, उलट समोरचा माणूस कामाचा आहे असे वाटते. घरी बाथरूममध्ये पाण्याची चूळ बारीक धारेने टाकण्याचा सराव करून जा, हे मी गमतीने सांगत नाही. मधूनमधून पाणी आणि साधा पाव घ्या. चीज घेऊ नका, कारण स्निग्धता टॅनिन झाकते आणि वाईट वाईनही बरी लागू लागते. अत्तर लावू नका. वॉटकिन्स ग्लेनची जागा म्हणजे मोटारींच्या शर्यतीचे मैदान, सावली कमी, तेव्हा उन्हाचे मलम लावावे लागेलच; ते बिनवासाचे घ्या. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा, पांढऱ्या केसांकडे पाहून कोणी सोडत नाही. गाडी चालवणाऱ्याने एकही घोट गिळू नये. पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर व्हिसाही धोक्यात येऊ शकतो.

सर्वांत मोठा शत्रू ऊन. व्हाइट वाईनच्या बाटल्या बर्फात असतात आणि रेडच्या बाटल्या टेबलावर तापत उभ्या. असली हलकी रेड वाईन १५-१६ अंशांना खुलते. तंबूत ती २८ अंशांवर गेली की अल्कोहोल नाकाला झोंबते आणि फळ शिजल्यासारखे लागते. म्हणून दार उघडताच आत जा, रेड आधी चाखा, आणि ‘थंड पेटीतली नवी बाटली उघडता का?’ असे सरळ विचारा. एका वायनरीच्या टेबलावर दुपारी चार वाजता मला जी वाईन मिळाली तिला शिरक्याचा वास होता. चौकशी केल्यावर कळले की बाटली आदल्या दिवशी उघडलेली होती. तीच वाईन महिन्याभराने त्या वायनरीच्या तळघरात चाखली तेव्हा ती निर्दोष होती. वाईन वाईट आहे की बाटली, हे ठरवल्याशिवाय नाव खोडू नका. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या गोणपाटासारखा वास आला आणि फळ मुके झाले असेल तर तो बुचाचा दोष. वाढणाऱ्याला हळूच सांगा, बहुतेक जण स्वतः हुंगून दुसरी बाटली काढतात.

बाटलीवरचे लेबल वाचायला विसरू नका. वाणाचे नाव छापायचे तर किमान ७५ टक्के द्राक्षे त्या वाणाची लागतात. ‘फिंगर लेक्स’सारख्या मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेशाचे नाव असेल तर ८५ टक्के तिथली, आणि नुसते ‘न्यूयॉर्क’ असेल तर ७५ टक्के त्या राज्यातली. ‘अमेरिकन’ एवढेच लिहिले असेल तर ती वाईन कॅलिफोर्नियाहून टँकरने आलेल्या रसाचीही असू शकते. त्यात बेकायदा काही नाही, पण आपण ज्यासाठी एवढ्या लांब जाणार आहात ते त्या बाटलीत नाही.

इतर राज्यांविषयी आपण ओघात विचारले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दक्षिणेत फिरणे झाले तर नॉर्टन चाखल्याशिवाय परतू नका. व्हर्जिनियात रिचमंडच्या डॉ. डॅनियल नॉर्टन यांनी १८२० च्या दशकात पुढे आणलेला हा अमेरिकी वाण कॉनकॉर्डसारखा दर्पत नाही. शाईसारखा गडद, झणझणीत आंबट, आणि चार-सहा वर्षे मुरल्यावर फार सुरेख. मिझुरीत हरमन गावच्या १८४७ सालच्या स्टोन हिल वायनरीत तो अजून होतो. दारूबंदीच्या काळात तिच्या तळघरांत अळिंबी पिकवत असत. नापाचा दबदबा एवढा, की अमेरिकेतला पहिला मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेश १९८० मध्ये मिझुरीतले ऑगस्टा ठरले, नापा नव्हे, हे सांगितले तर लोक पैज लावतात. टेक्सासच्या पठारावरचे टेंप्रानिल्यो आणि कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथल्या जुन्या वेलींचे झिनफँडेल हे उन्हाळी प्रदेशांचे गडी, १४-१५ टक्के अल्कोहोलचे. त्यांना फिंगर लेक्सच्या बारा-तेरा टक्क्यांच्या वाईननंतर चाखावे, आधी नव्हे. टेक्सासशी तर आपला नाशिक-सांगलीकरांचा जुना ऋणानुबंध आहे: खारट पाण्यात आणि दुष्काळात तगावा म्हणून आपण ज्या डॉगरिज खुंटावर कलमे बांधतो, तो तिथल्याच रानवेलीतून निवडलेला. मला हे कळले तेव्हा माझ्या वडिलांच्या बागेतल्या दोन हजार मुळ्या अचानक परदेशी झाल्या.

खरेदी सकाळी करू नका. पहिल्या फेरीत खुणा करा, मधे जेवा, तासभर सावलीत बसा, आणि खूण केलेल्या दोन-तीन टेबलांवर पुन्हा जाऊन फक्त ती वाईन एकदा चाखा. थकलेल्या जिभेलाही जी आवडली ती घ्या. वाढणारा मोकळा असेल तर त्याला ‘तुमची सर्वांत चांगली कोणती?’ असे विचारू नका, कारण तो साठा जास्त असलेली सांगेल. ‘तुम्ही स्वतः घरी कोणती नेता?’ असे विचारा. आणि घेतलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून पुन्हा आत फिरायला जाऊ नका. जुलैच्या दुपारी डिकीत वाईन अक्षरशः शिजते, बूच वर सरकते. कन्येला बर्फाची पेटी आणायला सांगा, नाहीतर बहुतेक वायनऱ्या बाटल्या टेबलामागे नाव लिहून ठेवून देतात. निघताना मागून घ्याव्यात.